महाजालाच्या आकड्यांचा कारभारी

टेलिफोनच्या तारेवरून येणारे ब्रॉडबँड नागपुरातील घरांत पोहोचू लागले ते २००५ नंतरच्या काळात. मोडेम बसवायला आलेला तंत्रज्ञ ग्राहकाचे नाव आणि परवलीचा शब्द भरून निघून जाई आणि काही दिवस सारे सुरळीत चाले. मग एखाद्या घरात एक चमत्कारिक अडचण उभी राही. ई-मेल येत-जात, गप्पांची खिडकी चाले, शोधयंत्राचे पानही उघडे. परंतु बँकेचे किंवा परीक्षेच्या निकालाचे पान निम्मे उघडून तेथेच थिजून जाई. तार बदलून, मोडेम बंद-चालू करून काही फरक पडत नसे. अखेर कोणीतरी जाणकार येऊन संगणकाच्या किंवा मोडेमच्या मांडणीत शिरे, एमटीयू नावाच्या रकान्यातील १५०० हा आकडा खोडून तेथे १४९२ लिही आणि अडलेले पान उघडे.

केवळ आठ बाइटांचा हा फरक. माहितीचे पॅकेट किती मोठे असावे, मार्गात ते मावले नाही तर काय करावे आणि पाठवणाऱ्याने समोरच्याच्या शक्तीविषयी किती गृहीत धरावे, याचे नियम १९८० च्या दशकाच्या प्रारंभी कागदावर उतरले. त्या बहुतेक कागदांवर लेखक वा संपादक म्हणून एकच नाव आढळते, ते जॉन पोस्टेल यांचे. महाजालाच्या उभारणीत सहभागी झालेल्या अनेकांना पुढे कीर्ती आणि संपत्ती लाभली. पोस्टेल यांनी मात्र तीस वर्षे आकड्यांची वही सांभाळली. ती वही सांभाळणे म्हणजे केवढी सत्ता, हे जगाच्या ध्यानात आले ते त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी.

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजेलिसमधील व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. इंटरनेटच्या जनकांत ज्यांची गणना होते ते व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे दोघेही याच शाळेचे विद्यार्थी, हा एक विलक्षण योगायोग. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९६६ साली अभियांत्रिकीची पदवी, १९६८ साली पदव्युत्तर पदवी आणि १९७४ साली संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता संगणकांच्या परस्परसंवादाच्या नियमांचे गणिती विश्लेषण.

विद्यार्थिदशेतच ते प्राध्यापक लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले होते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्पानेट या प्रायोगिक जाळ्याचे पहिले यंत्र सप्टेंबर १९६९ मध्ये याच प्रयोगशाळेत बसवण्यात आले आणि २९ ऑक्टोबर रोजी तेथून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला संदेश निघाला. टेलिफोनवर बोलताना दोघांमध्ये एक तार अडकून राहते. येथे तसे नव्हते. संदेशाचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि मोकळ्या मार्गाने त्यांना रवाना करायचे, ही पद्धत होती. अर्पानेटवर एक संदेश सुमारे आठ हजार बिटांचा असे. जाळ्यातील यंत्र त्याची प्रत्येकी सुमारे हजार बिटांची पॅकेटे करी आणि पलीकडचे यंत्र ती पुन्हा जुळवी. जाळे एकच आणि यंत्रेही एकाच घडणीची असल्यामुळे पॅकेटाच्या आकाराचा विचार करण्याची वेळ वापरणाऱ्यावर येतच नसे.

याच काळात क्रॉकर यांनी एक पद्धत पाडली होती. कोणाला काही कल्पना सुचली की ती टिपणाच्या स्वरूपात लिहून सर्वांच्या अभिप्रायासाठी फिरवायची. आरएफसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्रमांकित टिपणांपैकी पहिले एप्रिल १९६९ चे. लवकरच त्यांच्या संपादनाचे काम पोस्टेल यांच्याकडे आले आणि ते मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. संपादन म्हणजे केवळ व्याकरण सुधारणे नव्हते. कोणते टिपण प्रसिद्ध करण्याजोगे आहे, कोणते अर्धकच्चे आहे, हा निर्णय त्यांचा असे आणि तो सहसा कोणी नाकारीत नसे.

आकड्यांचे कामही असेच अंगावर आले. संगणकावरील कोणत्या सेवेला कोणता क्रमांक द्यायचा याची कोठेतरी नोंद हवी होती, अन्यथा दोन प्रयोगशाळा एकच क्रमांक दोन कामांसाठी वापरू लागल्या असत्या. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एका टिपणात असे क्रमांक वाटण्यासाठी एक मुखत्यार नेमावा असे सुचवले आणि त्या जागी स्वतःचे नाव संकोचाने, प्रश्नचिन्ह लावून घातले. प्रश्नचिन्ह लवकरच गळून पडले. दाढी वाढवलेला, पायात सँडल घालणारा आणि सवड मिळताच पाठीवर बोजा घेऊन सिएरा नेवाडाच्या डोंगरांत निघून जाणारा हा मनुष्य मितभाषी होता. पुढे ज्या कामासाठी एक जागतिक संस्था उभारावी लागली, ते त्याने सुरुवातीला एका वहीत भागवले.

काही काळ अन्य संस्थांत काम केल्यानंतर १९७७ साली पोस्टेल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मरीना डेल रे येथील माहितीशास्त्र संस्थेत आले आणि तेथेच स्थिरावले. तोवर प्रश्नाचे स्वरूप बदलले होते. अर्पानेटच्या जोडीला आता रेडिओवर चालणारे जाळे होते, उपग्रहावरून जाणारे जाळे होते आणि एकाच इमारतीतील संगणक जोडणारे इथरनेटही आले होते. प्रत्येकाचा वेग वेगळा, चुकांचे प्रमाण वेगळे आणि एका वेळी किती मोठे पॅकेट वाहून नेता येईल याची मर्यादाही वेगळी. या सर्वांना एकत्र गुंफायचे होते.

टीसीपी नावाची एकच नियमावली ही सारी कामे करील असा त्या वेळचा बेत होता. पोस्टेल यांनी ऑगस्ट १९७७ मध्ये लिहिलेल्या टिपणात त्यावर स्पष्ट आक्षेप घेतला. दोन टोकांच्या संगणकांतील संवाद बिनचूक ठेवणे हे एक काम आणि एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात पॅकेट पुढे सरकवणे हे दुसरे. ही दोन कामे एकाच नियमावलीत कोंबणे चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. दूरवर आवाज पाठवण्याचे प्रयोग करणारे डॅनी कोहेन हेही याच मताचे होते. १९७८ च्या प्रारंभी सर्फ, कोहेन आणि पोस्टेल यांच्या चर्चेतून विभागणी ठरली. पॅकेट पोहोचवण्याचे काम आयपीकडे गेले आणि पोहोचल्याची खात्री करण्याचे टीसीपीकडे राहिले. पोस्टेल यांच्या साऱ्या लेखनात हे छोटेसे टिपण सर्वांत मोलाचे मानावे लागेल, कारण आजचे महाजाल याच भेगेवर उभे आहे.

परंतु विभागणीने आकाराचा प्रश्न सुटला नाही, उलट तो उघड्यावर आला. नागपूरकरांना तो समजावून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. इतवारीहून नागभीडकडे आणि सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे अडीच फुटी नॅरोगेज रेल्वे धावत असे. छिंदवाड्याची गाडी २०१५ साली आणि नागभीडची २०१९ साली रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली. मुंबई किंवा कोलकात्याकडून ब्रॉडगेजच्या वाघिणीत आलेला माल त्या चिंचोळ्या रुळांवर जसाच्या तसा जाऊ शकत नसे. तो उतरवून लहान वाघिणींत भरावा लागे. वेळ जाई, हमाली लागे आणि एखादे पोते हरवण्याची शक्यता राही. मोठे पॅकेट लहान मापाच्या जाळ्याच्या दाराशी आले की हेच घडते.

सप्टेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांच्या संपादनाखाली तीन कागद प्रसिद्ध झाले. त्यांतील आयपीविषयक कागदात यासाठी तीन आकडे घातलेले आहेत. पॅकेट तत्त्वतः ६५,५३५ बाइटांपर्यंत मोठे असू शकते. ६८ बाइटांचे पॅकेट कोणत्याही जाळ्याने तुकडे न करता पुढे नेलेच पाहिजे. आणि तिसरा आकडा ५७६ : एवढे मोठे पॅकेट, मग ते अखंड येवो वा तुकड्यांत, स्वीकारण्याची तयारी प्रत्येक संगणकाने ठेवलीच पाहिजे. ५१२ बाइट मजकुराला आणि ६४ बाइट शीर्षकाला, असा त्याचा हिशेब होता. शीर्षकाला बहुधा वीसच बाइट लागत असताना चौसष्टांची जागा ठेवणे हा पोस्टेल यांच्या वृत्तीचा नमुना होय. उद्या काय लागेल ते आज कळत नाही, तेव्हा थोडी मोकळी जागा असू द्यावी.

मार्गात तुकडे झालेच तर ते शेवटच्या मुक्कामावरच जुळवायचे, असाही नियम होता. पुढे पुन्हा ब्रॉडगेज लागली तरी माल लहान वाघिणींतूनच जायचा. यातील धोका लवकरच अनुभवास आला. १५०० बाइटांचे पॅकेट ५७६ च्या मार्गावर आले की त्याचे तीन तुकडे होतात. त्यांपैकी एक जरी हरवला तरी उरलेले दोन निरुपयोगी ठरतात आणि सारे पॅकेट पुन्हा पाठवावे लागते. गर्दीच्या मार्गावर पुन्हा पाठवलेले पॅकेट गर्दीत भरच घालते. म्हणून तुकडे करण्याची सोय असली तरी तुकडे होऊ न देणे हेच शहाणपणाचे. त्यासाठी संवादाच्या आरंभीच दोन्ही टोकांनी आपण एका वेळी किती मजकूर घेऊ शकतो ते परस्परांना कळवावे, अशी तरतूद टीसीपीमध्ये होती. मात्र त्या आकड्यात शीर्षके धरायची की वगळायची याबद्दल कार्यक्रम लिहिणाऱ्यांत घोळ माजला. नोव्हेंबर १९८३ मध्ये पोस्टेल यांनी केवळ याच विषयावर एक टिपण लिहून तो मिटवला. शीर्षकांचे चाळीस बाइट वगळून उरेल तो आकडा कळवायचा. काहीच कळवले नसेल तर ५७६ वजा ४०, म्हणजे ५३६ बाइट मजकूर गृहीत धरायचा. समोरचा अधिक घेऊ शकतो याची निश्चित माहिती असल्याशिवाय मोठे पॅकेट त्याच्यावर लादायचे नाही.

पाठवताना काटेकोर राहावे आणि स्वीकारताना उदारपणे वागावे, हे तत्त्व त्यांनी टीसीपीच्या नियमावलीतच नमूद केले होते आणि ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. स्वीकारणाऱ्याच्या उदारपणामुळे गबाळे कार्यक्रम तगून राहतात, असा आक्षेप त्यावर नंतर घेतला गेला आणि तो निराधार नाही. पण शेकडो अनोळखी यंत्रे जोडण्याच्या त्या दिवसांत दुसरा मार्ग काय होता, हेही पाहावे लागते.

१ जानेवारी १९८३ हा दिवस अर्पानेटवरील जुनी नियमावली कायमची बंद करून टीसीपी-आयपी सुरू करण्यासाठी मुक्रर झाला होता. त्या संक्रमणाचा आराखडा पोस्टेल यांचाच. लोक चालढकल करीत आहेत असे दिसताच १९८२ च्या मध्याला एक दिवस आणि नंतर दोन दिवस जुनी व्यवस्था जाणूनबुजून बंद ठेवण्यात आली, त्यामुळे मागे राहिलेले जागे झाले. सौम्य प्रकृतीच्या माणसांची ही अशी कठोरता ठराविक दिवशीच दिसते.

५७६ हा आकडा सावध होता आणि सावधपणाची किंमत पडतेच. त्या मापाच्या पॅकेटात सुमारे सात टक्के जागा शीर्षकांत जाते, १५०० च्या पॅकेटात तीन टक्क्यांहूनही कमी. म्हणजे मार्ग रुंद झाल्यावरही अनेक संगणक परक्या जाळ्याशी बोलताना लहान पॅकेटेच पाठवीत राहिले. याउलट, मोडेमने टेलिफोन फिरवून इंटरनेटला जोडून घेण्याच्या दिवसांत हाच आकडा लाभदायक ठरला. २८.८ किलोबिटच्या मोडेमवर १५०० बाइटांचे एक पॅकेट जायला सुमारे ०.४२ सेकंद लागत आणि तोवर मागची सारी पॅकेटे खोळंबत. ५७६ चे पॅकेट ०.१६ सेकंदात मोकळे होई. विंडोज ९५ वापरणारे हौशी लोक १५०० चे ५७६ करीत ते यासाठी. आकडा एकच, पण तो औषध की अपथ्य हे रस्त्यावर अवलंबून.

मग रस्त्याचे माप आधीच का काढू नये? नोव्हेंबर १९९० मध्ये जेफ्री मोगुल आणि स्टीव्ह डीअरिंग यांनी तशी युक्ती मांडली. पॅकेटावर तुकडे करू नयेत अशी खूण करून ते मोठ्या आकारात पाठवायचे. जेथे ते मावणार नाही तेथील राउटर ते टाकून देऊन तशी सूचना माघारी धाडील, मग आकार कमी करायचा. ही सूचना १९८१ च्या पोस्टेल यांच्याच तीन कागदांपैकी एकात आलेली होती. केवढे पॅकेट मावेल हा आकडा मात्र त्या सूचनेत नव्हता. पण तिच्यात काही बाइट न वापरता रिकामे सोडलेले होते. नऊ वर्षांनंतर त्या रिकाम्या जागेत हा आकडा बसला आणि मूळ नियम मोडावा लागला नाही.

दरम्यान पोस्टेल यांच्या वहीचा व्याप वाढत गेला. १९८३ पासून जॉइस रेनल्ड्स या त्यांच्या सहकारी झाल्या आणि आकड्यांच्या कारभाराला आयाना हे नाव पडले. पत्त्यांचे गट, सेवांचे क्रमांक आणि देशोदेशींची दोन अक्षरी नावे, सारे तेथून वाटले जाई. कोणत्या भूभागाला देश मानायचे हा जगातील अत्यंत स्फोटक प्रश्न. पोस्टेल यांनी तो स्वतःकडे घेतलाच नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या यादीत जे नाव आहे ते द्यायचे, नाही ते नाही, एवढा साधा नियम त्यांनी लावला. याच यादीनुसार ८ मे १९८९ रोजी भारताच्या डॉट इन या नावाची नोंद झाली आणि त्याचा सांभाळ मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे आला. मराठी मुलखाचा आणि पोस्टेल यांच्या वहीचा थेट संबंध आला तो येथे. २००५ मध्ये ते काम निक्सी या संस्थेकडे गेले.

१९९० च्या दशकात इंटरनेटवर व्यापार आला आणि नावांना किंमत आली. डॉट कॉमची नोंदणी करणाऱ्या एका कंपनीला १९९५ पासून शुल्क आकारण्याची मुभा मिळाली. मक्तेदारी मोडावी, नवी नावे आणावीत यासाठी पोस्टेल यांनी केलेल्या खटपटी वादात अडकल्या. अमेरिकी सरकार या कारभाराविषयी आपले धोरण जाहीर करण्याच्या बेतात होते. त्याच सुमारास, २८ जानेवारी १९९८ रोजी, पोस्टेल यांनी जगातील बारा मूळ सेवक-संगणकांपैकी आठांच्या चालकांना ई-मेल पाठवून यापुढे मूळ यादी आपल्या संगणकावरून घ्यावी असे सांगितले. आठही जणांनी ते मानले. कोणतेही अधिकारपत्र नसलेल्या एका प्राध्यापकी माणसाच्या शब्दाखातर इंटरनेटचे मूळ दोन ठिकाणी विभागले गेले. वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. अध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी सारे पूर्ववत करण्यास बजावले. ही केवळ चाचणी होती असे पोस्टेल यांनी सांगितले आणि आठवड्याभरात जुनी व्यवस्था परत आली. ती खरोखर चाचणी होती की इशारा, यावर आजही एकमत नाही. हयातभर परक्या यंत्राच्या शक्तीविषयी काहीही गृहीत न धरणाऱ्या माणसाने या एका वेळी सरकारच्या सहनशक्तीविषयी जरा जास्तच गृहीत धरले, असे मात्र दिसते.

पुढील महिने नव्या संस्थेची घटना लिहिण्यात गेले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. वही तिच्या हाती जाणार होती आणि तंत्रविषयक प्रमुख म्हणून पोस्टेल तिच्यासोबत राहणार होते. पण १९९१ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या पोस्टेल यांना पुन्हा तोच विकार जडला. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला त्यांचा मृत्युलेख त्यांनीच वाढवलेल्या टिपणमालेत २४६८ क्रमांकाने समाविष्ट आहे.

त्यांच्यामागे मालेचे संपादन जॉइस रेनल्ड्स आणि बॉब ब्रॅडन यांच्याकडे आले. डिसेंबर १९९८ मध्ये इंटरनेटच्या सहाव्या आवृत्तीचा सुधारित मसुदा निघाला. १९९५ च्या पहिल्या मसुद्यात जाळ्याचे किमान माप ५७६ च ठेवले होते, ते आता १२८० झाले. मार्गातील राउटरने पॅकेटाचे तुकडे करण्याची मूळ सोय तर पहिल्या मसुद्यातच रद्द झाली होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये २५१६ क्रमांकाचे एक टिपण प्रसिद्ध झाले. ग्राहकाने नाव आणि परवलीचा शब्द देऊन इथरनेटवरून ब्रॉडबँडला कसे जोडून घ्यावे, हा त्याचा विषय. या पद्धतीत प्रत्येक पॅकेटामागे सहा बाइटांचे एक आणि दोन बाइटांचे दुसरे अशी दोन वेष्टने चढतात. इथरनेटच्या १५०० मधून ते आठ बाइट वजा जातात आणि उरतात १४९२.

नागपुरातील त्या घरी नेमके हेच झाले होते. बँकेचा संगणक १५०० बाइटांची पॅकेटे तुकडे न करण्याची खूण घालून पाठवीत होता. ती मार्गात मावत नव्हती. मावत नसल्याची सूचना सुरक्षेच्या नावाखाली कोठेतरी भिंतीत अडवली जात होती. लहान ई-मेल पलीकडे पोहोचत होते, मोठी पाने निमूटपणे टाकून दिली जात होती. आकडा १४९२ केल्यावर घरचा संगणक संवादाच्या आरंभी चाळीस वजा करून १४५२ कळवू लागला आणि बँकेने तेवढीच लहान पॅकेटे धाडली. शंका असल्यास पिंगच्या आज्ञेने, तुकडे न करण्याची अट घालून, १४६४ आणि १४७२ बाइट मजकूर पाठवून पाहावा. दोन्हींत २८ बाइट शीर्षकाचे मिळवायचे असतात. पहिला पोहोचला आणि दुसरा अडला, तर रस्त्याचे माप १४९२ किंवा त्याहून अधिक आणि १५०० हून कमी आहे, म्हणून रकान्यात १४९२ लिहावे.